वर्म गिअरच्या ड्रॉइंगवर टॉलरन्स नक्की कुठे कडक द्यायचा? (घरी बनवलेला इक्वेटोरियल माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारा आधार)

नभोवेडा_चिंचवड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय कारण काम वर्कशॉपमध्ये अडलंय.

८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, फोकल लेंथ १००० मिमी. त्याच्यासाठी माउंट स्वतः डिझाइन करून भोसरीत बनवून घेतोय. आरए अक्षाला (तारे सरकतात त्या दिशेने दुर्बीण फिरवणारा अक्ष) फॉस्फर ब्राँझचं १८० दात्यांचं व्हील, मॉड्यूल १, म्हणजे पिच डायमीटर १८० मिमी, आणि ईएन २४ स्टीलचा सिंगल स्टार्ट वर्म, म्हणजे व्हील फिरवणारा एकेरी आट्याचा स्क्रू. नाक्षत्र दिवस ८६१६४ सेकंदांचा, भागिले १८०, म्हणजे वर्मचा एक फेरा साधारण ४७९ सेकंदांत व्हायला हवा, तसा तो होतोय. पण ट्रॅकिंगचा ग्राफ काढला तर तारा बरोब्बर त्याच ४७९ सेकंदांच्या लयीत पुढे-मागे डुलतोय, टोकापासून टोकापर्यंत २४ आर्कसेकंद (१ आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). माझ्या कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे आकाशात ०.७८ आर्कसेकंद, तेव्हा फोटोत प्रत्येक ताऱ्याची तीस पिक्सेलची रेघ येते.

वर्कशॉपचं म्हणणं, ड्रॉइंगवर सगळीकडे पॉइंट झिरो वन (टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी चूक, ०.०१ मिमी) लिहिलंय ते आम्ही दिलंय. मोजून बघितलं तर खरंच दिलंय. आता सगळ्या मापांना ०.००५ करून मागितलं तर कोटेशन तिप्पट. मला विचारायचंय की खरंच सगळीकडे कडक करायला लागतं का, की दोन-चार ठिकाणीच, आणि ती ठिकाणं कोणती?

टूलरूम_काका

सगळीकडे ०.००५ अजिबात लिहू नका. असं ड्रॉइंग हातात आलं की मशीनवरच्या माणसाला कळतं की यातलं कुठलं माप कामाचं आहे ते डिझायनरने ठरवलेलंच नाही, मग तो सगळ्याच मापांवर सारखी मेहनत घेतो आणि जिथे जीव ओतायला हवा तिथे वेळ उरत नाही. पैसे मात्र सगळ्याचे लागतात.

आधी ताऱ्याकडून दात्याकडे हिशोब करत या. तुमच्या व्हीलची पिच त्रिज्या ९० मिमी. त्या त्रिज्येवर १ आर्कसेकंद म्हणजे ०.४४ मायक्रॉन. म्हणजे तुमचे २४ आर्कसेकंद दात्यावर साडेदहा मायक्रॉन झाले. हे साडेदहा मायक्रॉन वर्मच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येऊन जातायत, तेव्हा चोर वर्ममध्ये किंवा वर्मच्या बेअरिंगमध्ये आहे, व्हीलमध्ये नाही.

आता वर्म दोन प्रकारे हलू शकतो. एक, आडवा, म्हणजे रेडियल रनआउट. प्रेशर अँगल (दात्याच्या बाजूचा उतार) २० डिग्रीचा असेल तर आडवं हलणं दात्यापर्यंत पोचताना टॅन २० ने कमी होतं, म्हणजे ०.३६४ पट. १० मायक्रॉन रनआउट असला तरी दात्याला साडेतीन-पावणेचार मायक्रॉनच कळतात, ताऱ्याच्या हिशोबात ८ आर्कसेकंद. दुसरा, लांबीच्या दिशेने, म्हणजे शाफ्ट पुढे-मागे सरकतो तो. तो काही कमी होत नाही, जसाच्या तसा दात्यावर येतो. १० मायक्रॉन म्हणजे सरळ २३ आर्कसेकंद. तुमचा आकडा बघितल्याबरोबर माझा संशय तिथेच गेला.

आणि वर्कशॉपमध्ये नेमकं हेच कोणी मोजत नाही. व्ही-ब्लॉकवर ठेवून व्यासावर डायल (बारीक हालचाल मोजायचा काट्याचा गेज) लावतात, रनआउट बघतात, ओके म्हणून पाठवतात. शाफ्ट फिरताना लांबीत किती सरकतो हे असेंब्ली झाल्यावरच दिसतं.

मोजायची रीत सांगतो. मोटरचं कपलिंग सोडवा. वर्म त्याच्या बेअरिंगमध्ये बसवलेला आहे तसाच राहू द्या. शाफ्टच्या टोकाला सेंटर होल असेल त्यात ग्रीसचा ठिपका लावून बेअरिंगचा एक छर्रा बसवा, त्याच्यावर सपाट टोकाचा १ मायक्रॉन लीस्ट काउंटचा डायल लावा आणि वर्म हाताने सावकाश फिरवा. छर्रा कशासाठी, तर टोकाचा फेस वाकडा असला तर डायल तोही दाखवेल आणि तुम्ही फसाल. छर्ऱ्यावर फक्त अक्षाच्या दिशेची हालचाल येते.

कोकणकडा

वाखू (वाचनखूण) साठवली. काका, तुम्ही लिहिते रहा.

आयटी_पुणेकर

एक प्रामाणिक शंका. आजकाल ऑटोगाइडर लावतातच ना, तो दर दोन सेकंदाला तारा बघून दुरुस्ती करतो. मग २४ काय न् १० काय, फरक काय पडतो? आणि हार्मोनिक ड्राइव्हचे रेडिमेड माउंट मिळतात त्यात एरर याहून जास्त असते तरी लोक सुंदर फोटो काढतात.

टूलरूम_काका

शंका बरोबर आहे. २४ आर्कसेकंदांची सरळ गुळगुळीत लाट असेल तर जास्तीत जास्त वेग सेकंदाला ०.१६ आर्कसेकंद येतो, दोन सेकंदांत ०.३. गाइडर आरामात सांभाळतो. हार्मोनिकवाले असेच जगतात, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) जवळपास नाही आणि गाइडर सतत चालू.

पण गाइडर झटका सांभाळू शकत नाही. दात्यावर बर (कापताना राहिलेली कड) राहिली, थ्रेडला चॅटरच्या (हत्यार थरथरल्याच्या) खुणा असल्या, ग्रीसमध्ये मशिनिंगची धूळ गेली, की तारा अर्ध्या सेकंदात दोन-तीन आर्कसेकंद उडी मारतो आणि गाइडरला कळेपर्यंत परत जागेवर येतो. मग गाइडर जी दुरुस्ती देतो ती उलटीच पडते. म्हणून वर्मला लाटेचा आकडा जितका महत्त्वाचा तितकाच फिनिश महत्त्वाचा, आणि फिनिश गाइडरने विकत मिळत नाही. थ्रेड ग्राइंडिंग करूनच घ्या, लेथवर कापलेला वर्म पॉलिश करून तसा होत नाही.

नभोवेडा_चिंचवड

काका, छर्रा लावून मोजलं. काटा एका फेऱ्यात ९ मायक्रॉन हलतोय आणि दर फेऱ्याला त्याच जागी. वीसेक आर्कसेकंद इथेच सापडले. वर्म चकाचक ग्राइंड केलेला आहे, बेअरिंगही चांगल्या कंपनीची आहेत, मग हे येतंय कुठून?

टूलरूम_काका

नट. नाहीतर शोल्डर.

वर्मचा शाफ्ट, त्याच्यावर बेअरिंग, मागे एक शोल्डर (शाफ्टवरची पायरी), पुढून रिंग नट आवळलेला, असंच असणार. आता नटाचा फेस त्याच्या आट्यांना काटकोनात नसेल तर आवळल्यावर तो बेअरिंगच्या आतल्या रेसला (कड्याला) एका बाजूने जास्त दाबतो. रेस तिरकी होते. तिरकी रेस फिरली की शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला पुढे-मागे ढकलला जातो. बेअरिंग कितीही महाग घ्या, तिला तिरकं बसवलं की गेलं. खात्री करायची असेल तर नट अगदी हलका करून पुन्हा मोजा, नटाची जागा थोडी फिरवून पुन्हा मोजा. काट्याचा आकडा किंवा जागा बदलली की निदान पक्कं.

उपाय असा:

शोल्डरचा फेस आणि बेअरिंगची सीट एकाच सेटिंगमध्ये, बिटवीन सेंटर्स (दोन्ही टोकांच्या सेंटर होलवर धरून) ग्राइंड करायची, त्याआधी सेंटर होल लॅप करून (बारीक घासून) घ्यायची कारण पुढचं सगळं काम त्यांच्या भरवशावर होतं. फेसचा स्क्वेअरनेस २ मायक्रॉन लिहा. नट आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक जाडसर स्पेसर टाका, त्याचे दोन्ही फेस लॅप करून २ मायक्रॉनच्या आत समांतर. लॅपिंग हाताने होतं, सर्फेस प्लेटवर, त्याला महाग मशीन लागत नाही, सवयीचा माणूस लागतो. बेअरिंग अँग्युलर कॉन्टॅक्टची जोडी घ्या, प्रीलोड केलेली (आधीच दाब देऊन बसवलेली), म्हणजे शाफ्टला लांबीत मोकळीकच राहणार नाही.

एवढंच कडक. बाकी हाउसिंगच्या बाहेरच्या मापांना ०.१ चालतं, कव्हरला अर्धा मिलिमीटर चालतो.

आणि व्हीलबद्दल लिहायचं राहिलं. समजा व्हीलमध्येही वर्मइतकीच चूक आहे, टोकापासून टोकापर्यंत १० मायक्रॉन. तीही दात्यावर २३ आर्कसेकंदच. पण व्हीलचा फेरा २३ तास ५६ मिनिटांचा, म्हणजे तीच चूक वर्मपेक्षा १८० पट हळू येते. मिनिटाला ०.०५ आर्कसेकंद, कॅमेऱ्याला कळणारसुद्धा नाही. तेव्हा व्हीलवर पैसे घालताना दात्याचा फिनिश बघा, हॉब (दाते कापायचं हत्यार) चांगला आहे ना बघा, एकेका मायक्रॉनच्या कॉन्सेंट्रिसिटीमागे धावू नका.

जुनी_यंत्रं

थोडं अवांतर पण विषयाला धरून. वर्म आणि व्हील ही जोडी खगोलाच्या यंत्रांत फार जुनी आहे. लंडनच्या जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकात वर्तुळावर अंश कोरायचं मशीन बनवलं, ४५ इंची चाक, त्याला २१६० दाते, स्क्रू एक फेरा फिरला की चाक १० कला (अंशाचा सहावा भाग) सरकायचं. दाते कापायला त्याने स्क्रूच्याच जातीचा कटर वापरला, आज आपण हॉबिंग म्हणतो तीच कल्पना, फिरता फिरता चुका एकमेकींत वाटल्या जातात. १७७७ साली त्याचं वर्णन छापून आलं. त्याआधी सेक्स्टंटवरच्या खुणा हाताने कोरायला लागायच्या.

आणि आपल्याकडे जवळपास त्याच शतकात सवाई जयसिंगाने पितळी यंत्रं सोडून दगड-चुन्याची बांधली, कारणांमध्ये त्याने लिहिलंय की पितळी यंत्रं लहान पडतात आणि त्यांचे अक्ष झिजतात. अक्ष झिजणं! काकांचं बेअरिंग पुराण वाचताना तेच आठवलं.

स्टुटगार्टची_सई

मी इथे एका मेट्रॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मूळची साताऱ्याची. काकांचं सगळं पटलं, फक्त एक गोष्ट राहिलीये ती म्हणजे तापमान.

ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप जगभर २० डिग्रीला धरतात. पुण्यातलं वर्कशॉप उन्हाळ्यात कुठे असतं ते तुम्हाला माहितीये, आणि फोटो काढायला तुम्ही डिसेंबरच्या रात्री डोंगरावर जाणार. समजा मेश (व्हील आणि वर्मची गुंतवण) ३२ डिग्रीला बसवला आणि रात्री १२ झाले, फरक २० डिग्री. तुमचं सेंटर डिस्टन्स साधारण १०० मिमी असणार (९० व्हीलचे, १० वर्मचे). हाउसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर १०० मिमीमागे ते ४६ मायक्रॉन आक्रसेल. ब्राँझचं व्हील त्याच्या ९० मिमीत ३२ मायक्रॉन, स्टीलचा वर्म दोन-अडीच. म्हणजे हाउसिंग ११ मायक्रॉन जास्त आवळलं गेलं. दुपारी मस्त फिरणारा मेश पहाटे जड होतो, स्टेपर मोटर स्टेप सोडते, आणि माणूस इलेक्ट्रॉनिक्स तपासत बसतो.

कोल्हापुरी_कास्टिंग

मग ॲल्युमिनियम सोडा की. आमच्याकडे शिरोलीला पाहिजे तसं कास्ट आयर्न ओतून मिळेल, जडपणाही चांगला, व्हायब्रेशन खातं.

स्टुटगार्टची_सई

दादा, व्हायब्रेशनचं खरंय. पण तापमानाचा हिशोब उलटा होतो. कास्ट आयर्न २० डिग्रीत १०० मिमीमागे २१ मायक्रॉनच आक्रसतं, आणि आतले व्हील-वर्म मिळून ३५. म्हणजे आता थंडीत मेश जड होण्याऐवजी १४ मायक्रॉन सैल होतो, आणि तेवढ्याने दात्यावर दहा मायक्रॉन मोकळीक येते, बावीस-तेवीस आर्कसेकंद बॅकलॅश. धातू बदलून हे सुटत नाही, वर्म स्प्रिंगने दाबून ठेवला तर सुटतं. वर्मचा ब्लॉक एका पिव्होटवर बसवा आणि स्प्रिंगने व्हीलकडे ढकला. पिव्होट मात्र वर्मच्या लांबीच्या दिशेत अजिबात हलता कामा नये, नाहीतर काकांनी कमावलेले मायक्रॉन तिथे परत जातील. पातळ स्प्रिंग स्टीलच्या पट्टीचं फ्लेक्शर (नुसतं वाकून हलणारा जोड) केलं तर पिन आणि बोअरची कटकटच नको.

याचा दुसरा फायदा म्हणजे व्हील थोडं एक्सेन्ट्रिक (मध्यापासून सरकलेलं) असलं तरी स्प्रिंग ते गिळते.

काचेची_घासणी_नाशिक

मायक्रॉन मायक्रॉन वाचून मला आमच्या आरशांबद्दल लिहावंसं वाटलं. आरशाच्या पृष्ठभागावर जेवढी चूक, त्याच्या दुप्पट परतणाऱ्या प्रकाशात येते. पाव तरंगलांबीची मर्यादा धरली तर हिरव्या प्रकाशाला आरशावर फक्त ७० नॅनोमीटर चूक चालते. आणि हे हाताने होतं! पिचचा (डांबरासारख्या पदार्थाचा) लॅप, सेरियम ऑक्साइड, पाणी आणि फूकोची सुरी-पाती चाचणी, जी त्याने १८५८ च्या सुमारास मांडली. एक एलईडी, एक ब्लेड, आणि डोळा. आयुकातल्या (पुण्याच्या खगोल संस्थेतल्या) दुर्बीण कार्यशाळांमध्ये शाळेतली मुलंसुद्धा असा आरसा करून जातात. यात मशीन अचूक नाही, चाचणी अचूक आहे. चाचणी जेवढं दाखवेल तेवढंच तुम्ही घासून काढू शकता.

म्हणूनच हबल या अवकाश दुर्बिणीची गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. २.४ मीटरचा आरसा, अतिशय सुंदर पॉलिश, आणि काठाजवळ २.२ मायक्रॉनने जास्त सपाट. कारण चाचणीच्या उपकरणात, नल करेक्टरमध्ये, एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. ते अंतर ठरवायच्या दांडीच्या टोकावर एक टोपी होती, तिचा काळा रंग थोडा उडालेला, लेझर दांडीच्या टोकाऐवजी त्या टोपीवरून परत आला. भिंग जागेवर बसेना म्हणून वॉशर टाकले. दुसऱ्या, साध्या चाचणीत चूक दिसली होती, पण ती चाचणी कमी अचूक म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं. १९९० च्या एप्रिलमध्ये दुर्बीण वर गेली आणि दुरुस्ती व्हायला डिसेंबर १९९३ उजाडलं.

तेव्हा नभोवेडा, नवा वर्म आला की छर्ऱ्याने मोजा आणि ताऱ्यानेही मोजा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कुठला खरा हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खोडदकर

आमच्या गावच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दल थोडं. ४५ मीटरच्या ३० डिशेस, आणि त्यांचा पृष्ठभाग म्हणजे ०.५५ मिमी तारेची स्टेनलेस स्टीलची जाळी! लोक येतात आणि विचारतात, एवढी मोठी दुर्बीण आणि जाळीतून आभाळ दिसतंय? पण तिची सर्वात लहान तरंगलांबी २१ सेंटीमीटरच्या आसपास, सोळावा भाग धरला तर १३ मिलिमीटरची चूक चालते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ओळखलं आणि तारेच्या दोऱ्या ताणून त्यांवर जाळी बसवायची रचना केली. जाळीतून वारा जातो, वाऱ्याचा भार कमी, म्हणून लोखंड कमी, म्हणून खर्च कमी. गिरवलीला आयुकाची २ मीटरची दुर्बीण आहे ती दृश्य प्रकाशाची, तिच्या आरशाला वरच्या ताईंनी सांगितलेले ७० नॅनोमीटर. दोन्हींमध्ये जवळपास दोन लाख पटींचा फरक.

जिथे १३ मिमी चालतात तिथे १ मिमी मागितला असता तर त्या पैशांत तीस डिशेस उभ्या राहिल्याच नसत्या असं माझं ठाम मत आहे.

इंदापूरकर

माहितीसाठी, तामिळनाडूतल्या कवलूरची २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण, १९८६ साली सुरू झाली, तिचा यांत्रिक सांगाडा आमच्या वालचंदनगरला तयार झाला. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारं गाव. आरसा बंगळूरला भारतीय ताराभौतिकी संस्थेत घासला. आमच्या भागात आजही जुनी माणसं अभिमानाने सांगतात, आणि सांगावंच.

सह्याद्री_रात्र

वालचंदनगरवरून एक मुद्दा आला. कवलूर साडेबारा अक्षांशावर, म्हणजे ध्रुवाक्ष जवळपास आडवा, तिथे घोड्याच्या नालेसारखा मोठा हॉर्सशू माउंट केलाय. आपलं पुणं साडेअठरावर. नेटवरची बहुतेक होममेड डिझाइन्स चाळीस-पन्नास अक्षांशावरच्या लोकांची असतात. तिथे अक्षावरचं बरंच वजन लांबीच्या दिशेने, थ्रस्टवर जातं. आपल्याकडे ९५ टक्के वजन अक्षाला आडवं येतं आणि थ्रस्टला जेमतेम ३२ टक्के (कोसाइन आणि साइन, बेरीज शंभर होत नाही म्हणून कोणी विचारू नका). तेव्हा आरएच्या दोन बेअरिंगमधलं अंतर जेवढं वाढवता येईल तेवढं वाढवा, आणि काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायाला आपटत नाही ना तेही आत्ताच बघा. बाहेरून आणलेल्या माउंटना आपल्याकडे ही अडचण हमखास येते.

आयटी_पुणेकर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नभोवेडा_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, नट हलका करून मोजलं, ९ चे ४ झाले. नट फिरवला तर जागाही बदलली.

सुधारित ड्रॉइंग असं: वर्म थ्रेड ग्राउंड, पिच डायमीटरचा रनआउट सेंटर्सच्या संदर्भात ०.००५. शोल्डर फेस ०.००२. स्पेसर लॅप केलेला, समांतरपणा ०.००२. अँग्युलर कॉन्टॅक्ट जोडी, प्रीलोडसहित. वर्म ब्लॉक फ्लेक्शरवर, स्प्रिंगने दाबलेला. व्हीलचा बोअर आणि पिच डायमीटर कॉन्सेंट्रिक ०.०३, बाकी सगळं ०.१. आरए बेअरिंगमधलं अंतर ९० वरून १६० मिमी. नवीन कोटेशन पहिल्यापेक्षा थोडंसंच जास्त आलंय, तिप्पट नाही.

टूलरूम_काका

व्हीलला ०.०३ ठीक. एक ओळ वाढवा: वर्मची दोन्ही सेंटर होल तयार जॉबवर शिल्लक राहिली पाहिजेत. हे लिहिलं नाही तर शेवटी दिसायला बरं म्हणून टोक फेस करून टाकतात, आणि मग छर्रा ठेवायला जागा नाही आणि पुन्हा ग्राइंड करायला रेफरन्सही नाही. आणि असेंब्लीनंतर छर्ऱ्यावर ३ मायक्रॉनच्या आत, ही स्वीकृतीची अट ड्रॉइंगवरच टाका, तोंडी सांगू नका.

नभोवेडा_चिंचवड

दोन्ही ओळी टाकल्या. सोमवारी ड्रॉइंग देतोय, वर्म आला की छर्ऱ्याचा आणि ताऱ्याचा असे दोन्ही आकडे याच धाग्यावर टाकतो.